वाऱ्याचा महिना, सतरा पत्रं

आमच्याकडे आषाढात पाऊस येत नाही, वारा येतो. ढग येतात, नाही असं नाही. घाटाकडून निघतात तेव्हा चांगले काळेभोर, भरलेले असतात. पण खुटबावच्या शिवारावरून असे पळत सुटतात, की इथं उतरायचं तिकीट त्यांनी काढलेलंच नसतं. खाली आपण मान वर करून उभे. अंगणातली बादली गडगडत शेजारच्या दारात जाते, दोरीवरची साडी बाभळीवर जाऊन बसते, पत्र्यावर ठेवलेले दगडसुद्धा जागच्या जागी हलतात. डोळ्यांत धूळ, भाकरीत धूळ, झाकलेल्या हंड्याच्या तळाशीही धूळ. या दिवसांना आमच्या वस्तीवर कोणी पावसाळा म्हणत नाही. वाऱ्याचा महिना म्हणतात.

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी त्याचं सगळं खानदान लागलेलं असावं. लहानपणी विहिरीला भ्यायचे, लग्नानंतर स्टोव्हला, नोकरीत तपासणीला येणाऱ्या साहेबाला. वाऱ्याला मात्र भीत नव्हते. ती भीती अकरा वर्षांपूर्वीच्या आषाढात लागली. या वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींना लागतात, ठिणग्या पडतात आणि ओढ्याजवळची डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, ‘धप्प’ करून बसते. दिवाळीत कानाशी बार फुटला तरी मी हलत नाही, पण त्या ‘धप्प’ला अजून मी हातातलं टाकून जागची उठते.

परवा वारा सुटला, आणि त्याच दिवशी घरात नवा कॉम्प्युटर आला. आमचे हे कुरकुंभच्या कारखान्यात होते, आता रिटायर झाले आहेत आणि रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून हौसेनं तो घेऊन आले. खोक्यातून काढला, पिन लावली, पडदा उजळला. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, की तुमचा मुख्य ब्राउझर कोणता ठेवायचा? आणि मेलचा प्रोग्राम?

हे खुर्चीतून उठले. “बस तू. मागल्या टायमालाबी तूच ठरवलं होतंस.”

ते सहज बोलले. मी मात्र पडद्यापासून दोन पावलं मागं सरकले. मी म्हणाले, मला आता दिसत नाही नीट, राहू दे. तर म्हणतात कसे, “बरं, मग कोमल आलीय सुट्टीवर. तिला सांगितलंय, उद्या येऊन लावून देते म्हणाली.”

कोमल आमच्या वस्तीवरच्या महादू आबांची मुलगी. आता नर्स आहे, मोठ्या दवाखान्यात आहे, लग्न झालंय, एक मुलगी आहे. मला काकी म्हणते, आली की पाया पडते. तिला मी अकरा वर्षं एक गोष्ट सांगितलेली नाही. ती गोष्ट मेलच्या प्रोग्राममधल्या एका लहानशा चौकोनात आहे, टिक करायच्या चौकोनात, आणि उद्या कोमल नेमकी तिथंच जाऊन पोचणार होती.

मी गावच्या पोस्टातली बाई. कागदावर ‘शाखा डाकपाल’, लोकांच्या तोंडी ‘पोस्टातल्या काकी’. आमच्या घराची ओसरी हेच पोस्ट. माझ्याआधी माझे सासरे आप्पा ते चालवायचे, त्यांच्या वेळचं लाकडी फळकूट अजून भिंतीवर आहे, बारा खणांचं. यवतहून टपालाची थैली आली की मी ती उलटी करायची आणि एकेक पत्र आपापल्या खणात घालायचं. वस्तीवरच्या निम्म्या लोकांच्या पत्त्यात घर नंबर नाहीच, ‘पोस्टाजवळ’ एवढंच. मेंढरं घेऊन चार महिने बाहेर असणाऱ्या घरांची पत्रं त्यांच्या खणात तशीच थांबून राहायची. कुणाचं पत्र कुणी न्यावं, वाचून कुणी दाखवावं, हे सगळं ठरलेलं. दहावीचा निकाल, बँकेचं पुस्तक, सोयरिकीचा होकार, सगळं आमच्या ओसरीवरून पुढं जायचं.

त्यामुळे ईमेल आलं तेव्हा वस्तीनं फार विचार केला नाही. फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की सगळे माझा पत्ता टाकायचे. महादू आबा कोमलचा नर्सिंगचा फॉर्म घेऊन ओसरीवर आले होते, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, आणि मागं अंगणात त्यांची बावीस मेंढरं. त्यातली एक काळी मेंढी फार आगाऊ होती, पोस्टाच्या पायरीवर पाय ठेवून आत डोकवायची.

“वहिनी, ह्ये ईमेल म्हंजी पोस्टच ना?”

“व्हय, तसंच हाय.”

“मग तुमचंच टाका की. आमचं सगळं कवाबी तुमच्याकडंच येतंय.”

मी टाकला. मनातून सुखावलेच, खोटं कशाला बोलू. पासवर्ड कोमललाही सांगून ठेवला होता, तिला यवतला जाऊन बघता यावं म्हणून.

तेव्हाचा कॉम्प्युटर ह्यांच्या कारखान्यानं मोडीत काढलेला. ओसरीच्या कोपऱ्यात, आप्पांच्या फळकुटाखाली तो ठेवला. यवतला कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. चार मशिनं आणि एक झेरॉक्स. दुकानदाराला सगळे ‘सर’ म्हणायचे, कारण तो सगळ्यांवर ओरडायचा. सर एकदा घरी येऊन तीन ब्राउझर टाकून गेले.

“काकी, ब्राउझर म्हंजी इंटरनेटमधी जायचा दरवाजा. तीन दिल्यात. चालवून बघा आन् एक ठेवा.”

चालवून बघा म्हणणं सोपं. मला त्यांची नावं जिभेवर येईनात, म्हणून चित्रांवरून ओळखायचे. एक निळ्या अक्षराचा, एक रंगीत चकतीचा, एक कोल्ह्याच्या शेपटीचा. एकाला उघडलं की तो विचारायचा, मला मुख्य करता का? त्याला नाही म्हणून दुसऱ्याला उघडावं तर त्याचंही तेच. तीन जावांसारखं चाललं होतं, सगळ्यांचं लक्ष चुलीच्या ताब्यावर. निळा सुस्त होता, पान उघडेपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. चकती चपळ, पण तिला सगळं लक्षात ठेवायची हौस. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ अहो, पोस्टाच्या पेटीची किल्ली मी नवऱ्याच्या हातात कधी दिली नाही, आणि ही कालची चकती किल्ली मागते! एकदा गुडघेदुखीवर काहीतरी वाचलं, तर पुढं आठवडाभर जाईन तिथं तेलाची बाटली माझ्याआधी हजर. मला वाटायला लागलं, कुणीतरी पडद्याच्या आतून ओसरीत बघतंय. मी पडद्यावर टॉवेल टाकून ठेवायला लागले.

आणि मग ती लाल खिडकी आली. दुपारची वेळ, घरात मी एकटी, बाहेर वारा. अचानक सगळा पडदा लाल झाला आणि घंटी वाजायला लागली. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा. मजकूर इंग्रजीत होता, पण लाल रंग सगळ्यांना मराठीतच कळतो. मी फोन केला नाही आणि एकही बटण दाबलं नाही. भिंतीतली पिनच उपसली आणि ती हातात घट्ट धरून चुलीपाशी जाऊन बसले. हे कामावरून आले तेव्हाही ती माझ्या हातातच होती. ते इतके हसले, की दोन दिवस मी त्यांना भाजीत मीठ कमी घातलं.

पण त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. कोल्ह्याला ठेवायचं, कारण तो त्यातल्या त्यात कमी विचारतो. आणि लोकांचं टपाल काही असं बाहेर जाऊन, दारं उघडत, लाल खिडक्यांतून वाट काढत वाचायचं नाही. ते घरात यायला पाहिजे. तशी मी सरांना फोनवर ताकीदच दिली. सर म्हणाले, “मंग मेलचा प्रोग्राम टाकून देतो. बाहेरच्या पेटीतलं सगळं तुमच्या मशीनमधी उतरून येईल. तुमच्या फळकुटासारखे खणबी करता येतात.”

मला आणखी काय हवं होतं? चोचीत पाकीट धरलेल्या पाखराचं चित्र होतं त्या प्रोग्रामला. सरांनी फोनवरून सांगितलं तसं मी एकेक पान पुढं नेत गेले. आबांच्या घराचा खण केला, पवारांचा केला, शाळेचा केला. शेवटी एक प्रश्न आला, की उतरवून घेतलेल्या पत्रांची प्रत बाहेरच्या पेटीत ठेवायची का? चौकोनात टिक होती. सरांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, ते म्हणाले, “ते बघा तुमच्या मनानं,” आणि फोन ठेवला.

माझ्या मनानं म्हणजे आप्पांच्या मनानं. आप्पांनी मला पोस्ट शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशी पायरीपाशी उभं करून लाल पेटी उघडायला लावली होती. हात घालून तळाचा कोपरा चाचपायला लावला होता. “पेटी रिकामी केल्याबिगर कुलूप लावायचं न्हाई. आन् ध्यानात ठेव सूनबाई, एक पत्र दोन ठिकाणी असत न्हाई. असलं तर त्यातलं एक खोटं.” तीस वर्षं मी ते पाळलं होतं. प्रत बाहेर ठेवायची म्हणजे काय? कुणाच्याही हाताला लागावी म्हणून? मी टिक काढून टाकली. पेटी रिकामी झाली की जसं बरं वाटायचं, अगदी तसंच बरं वाटलं.

कोमल वेटिंग लिस्टवर होती. पुण्यातलं सरकारी नर्सिंग, फी अगदी नावाला, राहायची सोय. तिच्यापुढं दोन मुली. कुणी जागा सोडली तर पत्र येणार होतं, आणि पत्र म्हणजे ईमेल. ती रोज सकाळी मेंढरांना पाणी दाखवून झालं की ओसरीवर यायची. बोलायची नाही, फक्त खांबाला धरून उभी राहायची. मी मान हलवली की परत जायची. आबांचं ठरलेलं होतं, की जागा मिळाली तर पोरगी शिकेल, न्हाई मिळाली तर बघू. त्या ‘बघू’मध्ये काय काय होतं ते कोमललाही ठाऊक होतं आणि मलाही. चुलत्यानं एक स्थळ आणूनच ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी वाऱ्यानं कहर केला होता. शाळेचे पत्रे वाजत होते, निंबाच्या फांद्या जमिनीला टेकून वर जात होत्या. मी प्रोग्राम उघडला आणि पाखरानं काम सुरू केलं. खालच्या पट्टीवर आकडा सरकू लागला, सतरापैकी तीन, सतरापैकी नऊ, सतरापैकी सतरा. शेवटचा आकडा मी वाचला आणि ओढ्याकडून ‘धप्प’ असा आवाज आला. पडदा काळा झाला. जळक्या तेलाचा वास वाऱ्याबरोबर ओसरीपर्यंत आला.

डीपी गेली. वायरमननं येऊन वर बघितलं आणि सांगितलं, चार दिवस तरी धरा.

सतरा पत्रं त्या काळ्या पडद्यामागं होती, आणि बाहेरची पेटी रिकामी होती. मला हे लगेच सुचलं असं नाही. संध्याकाळचा चहा गाळताना सुचलं, आणि गाळणी हातात तशीच राहिली.

मंगळवारी सकाळी कोमल आली. मी मान हलवायच्या आधीच म्हणाली, “काकी, लाइट न्हाई तर मी यवतला जाऊन बघून येते. सरांच्या तिथं जनरेटर हाय.”

त्याच वेळी सांगायचं होतं. ‘कोमल, तिथं जाऊन काही उपयोग नाही, तिथलं सगळं मी काढून घेतलंय, सतरा पत्रं कॉम्प्युटरच्या ह्या डब्यात अडकली आहेत, चल, हा डबाच उचलून नेऊ.’ एवढंच तर वाक्य. पण मी काय म्हणाले? “जा. बघून ये.”

ती वडापच्या जीपमधून गेली, धुळीनं भरलेली परत आली. “काय न्हाई, काकी. पेटी पार रिकामी हाय. जाहिरातबी न्हाई एक.”

जाहिरातसुद्धा नाही, हे तिनं नवलानं सांगितलं. मी म्हणाले, “येईल गं. घाई करू नये.”

का बोलले नाही? इतक्या वर्षांत मी याची पुष्कळ उत्तरं तयार केली. पत्र त्यात असेलच कशावरून, हे एक. वीज अशी गेल्यावर मशीन जळालं असेल, मग सांगून उगाच पोरीचा जीव कशाला टांगणीला लावा, हे दुसरं. खरं उत्तर एवढंच, की मी घाबरले. पोस्टातल्या बाईनं पत्र अडकवलं, हे आमच्याकडे साधं बोलणं नाही. इतकी वर्षं मनीऑर्डरीतली एक नोट इकडची तिकडं झाली नव्हती. लोक वाचायला पत्र देताना माझ्या तोंडाकडेही बघायचे नाहीत, इतका विश्वास. तो जाईल, या भीतीनं मी तोंडातून ब्र काढला नाही.

मंगळवार गेला. बुधवारी तर आबाच आले, वाऱ्यात घोंगडं धरत. त्यांचा साधा फोन चार्जिंगवाचून बंद पडला होता, त्यामुळे फॉर्मवरचा फोन नंबरचा रकानाही मुका झाला होता. मागं मेंढरांच्या गळ्यातली घंटा वाऱ्याबरोबर कधी ऐकू यायची, कधी नाही.

“वहिनी, काय कागुद?”

“न्हाई आबा.”

“बरं,” म्हणाले. “तुमच्याकडं आलं की आमच्याकडं आल्यातच जमा हाय. आमास्नी घोर न्हाई.”

ते गेल्यावर मी पडद्यावरचा टॉवेल काढला आणि काळ्या काचेत बघितलं. माझंच तोंड दिसलं. मला त्या तोंडाचीही भीती वाटली आणि मी टॉवेल परत टाकला.

हे त्या आठवड्यात जादा पाळीत होते. गुरुवारी सकाळी जेवताना त्यांना मी एकदाची म्हणाले, की लोकांची पत्रं मशीनमध्ये अडकली आहेत. त्यांनी घास तसाच ठेवला. “अगं मग आधी बोलायचं न्हाई? डबा नेऊ की यवतला. त्यात काय येवढं!” अर्ध्या तासात तो डबा गोधडीत बांधून आम्ही मोटारसायकलवर होतो. मी मागं, मांडीवर गोधडी, दोन्ही हातांनी कवटाळलेली. आडव्या वाऱ्यानं गाडी दोनदा खडीवर गेली. पडले तर काय होईल, याची मला जराही भीती वाटत नव्हती. डबा फुटला तर काय, ह्याची होती. आणि त्याहून जास्त, तो चालू झाला तर काय, ह्याची.

तो चालू झाला. सरांनी वायरी जोडल्या, आतला पंखा घरघरला, पाखराचं चित्र आलं. सतरा पत्रांतली बारा जाहिराती. चौदावं पत्र आबांच्या खणात शहाण्यासारखं जाऊन बसलं होतं. कोमलला जागा मिळाली होती. मूळ कागदपत्रं घेऊन बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत हजर राहावं, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.

बुधवार काल झाला होता.

हे खाली दुकानाच्या पायरीवर बसले. सर माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि तो चौकोन उघडला. टिक नसलेला. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते सगळ्यांवर ओरडतात. त्या दिवशी ओरडले नाहीत.

मी कोमलला सांगितलं, “लाइट न्हवती ना, म्हणून पत्र अडकलं.” यातला एकही शब्द खोटा नाही, आणि अख्खं वाक्य खोटं आहे. ह्यांनीही तेच सांगितलं, ते मात्र मनापासून, कारण मी मंगळवारी गप्प बसले होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आबांनी वायरमनला भर चौकात शिव्या घातल्या. तो बिचारा खांबावर चढलेला, वाऱ्यात हेलकावत, खाली बघून ऐकून घेत होता. मी ओसरीतून बघत होते. चोराच्या मनात चांदणं. मला वाटत होतं, तो आता बोट दाखवून माझं नाव घेईल.

कोमल यवतहून पत्राची प्रिंट घेऊन शुक्रवारी पुण्याला जाऊन आली. जागा दिली गेली होती. ती रडली नाही. आठ दिवस ओसरीवर मात्र आली नाही. चुलत्याचं स्थळ आबांनी परतवलं, एवढं एक त्या वर्षी बरं झालं. पुढच्या वर्षी तिनं दुसऱ्या जिल्ह्यात, खाजगीत प्रवेश घेतला. त्यासाठी आबांनी मेंढरं विकली. सगळी बावीस. टेम्पो पोस्टावरूनच गेला. काळी मेंढी फळीवर पाय देऊन बाहेर डोकावत होती, जशी माझ्या पायरीवरून आत डोकवायची. त्यानंतर सकाळी आमच्या दारावरून घंटेचा आवाज गेला नाही. आबा नुसते मेंढरांच्या रिकाम्या वाड्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहायचे, अजूनही राहतात. वारा सुटला की मला तो नसलेला आवाज ऐकू येतो.

डीपी गेली त्याच महिन्यात मी गुपचूप चौकोनात टिक केली होती. कुणाला कळणार होतं? भीतीचं असंच असतं. एकदा तिला दार उघडून दिलं की ती आपल्याला बाकी काही करू देत नाही, फक्त कडी-कुलपं तपासायला लावते.

काल दुपारी कोमल आली. पायाला हात लावला, खुर्ची ओढली. हे खत आणायला वरवंडला गेले होते, घरात आम्ही दोघीच. बाहेर वारा मातलेला. तिचे हात सराईत, नखं बारीक कापलेली. ब्राउझर तिनं विचारलाही नाही. “कोल्हाच ठेवते, काकी. तुमच्या हाताला सवय हाय.” माझा चहा गॅसवर होता, तरी मी तिच्या मागून हलले नाही.

मग तिनं मेलचा प्रोग्राम घेतला. तेच पाखरू, जरा नव्या पिसांचं. पान, मग पान, मग पान. आणि तो प्रश्न आला. पत्रं आपल्याकडे उतरवून घेतल्यावर प्रत तिकडे ठेवायची का? तिचं बोट थांबलं. माझा हात खुर्चीच्या पाठीवर होता, मी ती पाठ आणखी घट्ट धरली. तिला ते कळलं असणार.

“ही टिक असू द्या,” ती पडद्याकडेच बघत म्हणाली. “त्या वर्षी नव्हती.”

ओढ्याकडून काही आवाज आला नाही. दिवेही चालू होते. तरी मला वाटलं, धप्प झालं.

“तुला... कवा कळलं?”

“तवाच. प्रिंट काढायला गेले तर सरांनी दाखवलं. पत्र सोमवारीच उतरलं होतं म्हनले.”

“मग मंगळवारी मी तुला...”

“व्हय. मंगळवारी तुम्ही मला यवतला जाऊ दिलं.”

तिच्या आवाजात राग असता तर मी तो धरून उभी राहिले असते. राग नव्हता. रुग्णाचा ताप सांगावा तसं तिनं सांगितलं.

“आबांना ठाऊक हाय?”

“न्हाई. मी न्हाई सांगितलं.”

“आन् मला का न्हाई बोललीस, इतकी वर्षं?”

तिनं पहिल्यांदा मागं वळून माझ्याकडे बघितलं. “तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली, काकी. पत्र तुमच्याकडं होतं. तुमच्याकडनंच यायला पाहिजे ना ते.”

दर वर्षी सुट्टीत ती ओसरीवर यायची, पाया पडायची, खांबाला धरून थोडा वेळ उभी राहायची. मला वाटायचं, जुनी सवय. ती अजून मान हलण्याची वाट बघत होती.

मला रडू आलं नाही. भीती होती तिथं भीतीच राहिली, फक्त आता ती कशाची ते कळेना. सगळं कळून चुकलं होतं, विश्वास जायचा तो अकरा वर्षांपूर्वीच गेला होता, आणि तरी ही मुलगी दर वर्षी पाया पडत होती. घाबरायला उरलं होतं काय?

ती खुर्चीतून उठली. “बसा. चालतंय का बघायला एक मेल टाका मला. माझा पत्ता वर घातलाय. कायबी लिहा.”

मी बसले. मराठी अक्षरं कशी उठवायची ते तिनं दाखवलं आणि ती ओसरीच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली, बाहेर तोंड करून. वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक खांबाला गुंडाळलं जात होतं. मी एकेक अक्षर शोधत लिहिलं. ‘कोमल, तुझं पत्र सोमवारपासून माझ्याकडे होतं. मी घाबरले आणि बोलले नाही. आबांची मेंढरं माझ्यामुळे गेली.’ तीन ओळींना अर्धा तास लागला. चहा करपल्याचा वास आला तरी उठले नाही. आबांनाही आता मीच जाऊन सांगायचं होतं, तिथं टाइप करून भागणार नव्हतं, तिथं तोंडानंच.

पाठवायचं बटण निळं होतं. इतकी साधी गोष्ट, पण बोट पुढं जाईना. माझ्या हातून आयुष्यात हजारो पत्रं पुढं गेली, त्यातलं एकही माझं नव्हतं. मी डोळे मिटले आणि दाबलं.

पट्टीवर काहीतरी सरकलं. मग काहीच होईना. वारा पत्र्यावर आपटत होता, आणि मला वाटलं, आत्ता डीपी जाईल, आत्ता जाईल, आणि हेही इथंच राहील.

खांबापाशी तिचा फोन वाजला. तिनं तो वर धरून वाचला, सावकाश वाचला, परत एकदा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“आलं, काकी.”